समासातली अक्का

सहा वर्षं झाली, माझी थोरली बहीण अन् मी बोललो नाही. भाचीच्या लग्नात नवरी मांडवात आणायला अक्कानं मला, सख्ख्या मामाला सोडून स्वतःच्या दिराला उभं केलं. माझं डोकं फिरलं. न जेवता निघालो, ते पाटोद्याला घरीच येऊन टेकलो.

पण मासिक काही थांबलं नाही. आमच्या दोघांत एकच अंक, लहानपणापासूनची सवय. आधी मी वाचायचो, आवडलं तिथं समासात पेन्सिलीनं रेघ मारायचो अन् टपालानं उमापूरला तिच्याकडं धाडायचो. अक्का वाचून, माझ्या रेघेशेजारी लिहून परत पाठवायची. ‘ही बाई लई रडकी.’ पाककृतीपाशी, ‘करून बघितलं, कुत्र्यानं बी खाल्लं न्हाई.’ लग्नाचा शब्द कधी नाही. तरी मला पुरायचं. जित्ती हाय, चिडती हाय, एवढं कळायचं.

यंदा संपादकांनी कळवलं, अंक आता फक्त मोबाइलवर. सुनेनं लगेच काढून दिला. म्हणाली, “मामा, अक्षर मोठं करून वाचा की!” अगं, अक्षराचं कोण रडतंय? काचेवर रेघ कुठं मारू? दोन पानं सरकवली, तिसऱ्याला कुणाचा तरी गुड मॉर्निंग टपकला. तरी अक्काच्या नातवाच्या फोनवर अंक पाठवला. निळ्या खुणा आल्या. अक्कानं बघितलं का नातवानं, देव जाणे. चार दिवस मी घरात येरझाऱ्या घालत होतो. सून म्हणाली, “बसा की हो जरा!” मी तिच्यावर खेकसलो, मग मलाच लाज वाटली.

शेवटी उठलो अन् झेरॉक्सच्या दुकानातून अख्खा अंक छापून घेतला. दुकानदारानं कागद वाचवायला एका पानावर दोन-दोन पानं कोंबली. घाईत माझ्या ध्यानातच आलं नाही. तसाच धाडला.

बाराव्या दिवशी पाकीट परत आलं. पानामागून पान उलटलं. अक्काच्या पेन्सिलीचा एक ठिपका नाही. पाकीट बाजूला टाकलं. संपलं म्हटलं, आता हेही संपलं.

सुनेनं रिकामं पाकीट उचललं अन् मागची बाजू माझ्यापुढं धरली. अक्काचं अक्षर होतं.

‘लिहायला बोटभर जागा ठेवली न्हाईस. आता इकडं ये, तोंडानंच सांगते. अन् या वक्ताला जेवून जा.’