माईकमधला नको, घरातला

आई इंग्लंडात माझ्याकडं, मेडनहेडला आली तेव्हा कडाक्याची थंडी होती. मे उजाडला तशी तिची परत जायची वेळ झाली. मधल्या काळात आम्ही दोघांनी एक नाद लावून घेतला. शनिवारी डबा बांधायचा, गाडी काढायची आणि चिल्टर्नच्या टेकड्यांत कुठंतरी चालायला जायचं.

इथं हे एक बरं आहे. वाट कुणाच्या का शेतातून जाईना, ती सगळ्यांची असते. खांबावर पिवळा बाण असतो, तो म्हणेल तिकडं चालायचं. पहिल्यांदा वाट गव्हाच्या उभ्या पिकात शिरलेली बघून आई फाटकापाशीच थांबली.

"मालकाला विचारलंस का?"

"आई, मालकच म्हणतो जा."

"तू बोललास त्याच्याशी?"

मग मीच मालक झालो. खिशात हात घातले, हनुवटी वर केली, तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं इंग्रजी बोललो आणि तिला परवानगी दिली. तेव्हा कुठं ती आत शिरली, तीही ओढणी आवळून, एक रोप मोडणार नाही अशी.

इथं ज्याला 'कॉमन' म्हणतात ते काय हे सांगायला मी एकदा तोंड उघडलं. लांबच लांब गवत, मधेच काटेरी झुडपं, चार गाई, कुणाचंही कुंपण नाही. आईनं नुसती नजर फिरवली आणि म्हणाली, "गायरान." माझं भाषण तिथंच संपलं.

आवाज काढायची मला लहानपणापासूनची खोड. शाळेत हेडसरांचा काढायचो, ते मागं उभे आहेत हे कळेपर्यंत. इथं टीम लीडचा काढतो, ट्रेनमधल्या अनाउन्समेंटचा काढतो, कुत्री घेऊन फिरणाऱ्या म्हाताऱ्यांचा काढतो. त्यांचं 'लव्हली डे' पावसातसुद्धा तितकंच लांबतं. आई हसायची आणि मग गप्प व्हायची. ती गप्प का होते ते मला माहीत होतं. मी सगळ्यांचे काढायचो, बाबांचा सोडून.

बाबा करमाळ्याच्या स्टँडवर कंट्रोलर होते. गाड्या लागल्या-सुटल्या की माईकवरून तेच सांगायचे. निम्म्या तालुक्याला त्यांचा आवाज पाठ होता. घरात मात्र माणूस मोजकं बोलायचा. मी इथून फोन केला की "बरा आहेस ना? घे, आईशी बोल," एवढं म्हणून फोन तिच्या हातात. त्यामुळं गेल्या दिवाळीआधी ते गेले तेव्हा आमच्याकडं त्यांचे फोटो ढीगभर होते आणि आवाज कुठंच नव्हता. ना फोनमध्ये, ना लग्नाच्या कॅसेटमध्ये. कॅसेटमध्ये फक्त बँड वाजतो.

एप्रिलमध्ये आम्ही एका उघड्या टेकडीवर बसलो होतो. वाट खडूची, पांढरीफेक. गवतात बारकी पिवळी फुलं. डोक्यावर घारी नुसत्या तरंगत होत्या, पंखसुद्धा न हलवता. ऊन असं कोवळं होतं की आपण जागे आहोत की डुलकी लागलीये तेच कळत नव्हतं. आई खाली पसरलेल्या शेतांकडं बघत म्हणाली, "ह्यांचा आवाज येत नाही रे मला आता. चेहरा दिसतो. ओठ हलतात. आवाज येत नाही."

मी गवताची एक काडी उपटली.

"तू काढ ना. तुला येतो."

मी नाक दाबलं आणि सुरू झालो. करमाळ्याहून जेऊरमार्गे टेंभुर्णीला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे, प्रवाशांनी कृपया. आई हसली. डोळे पुसले आणि म्हणाली, "माईकमधला नको. घरातला."

माईकमधला सोपा होता. तो अख्ख्या स्टँडला येत होता, पानवाल्यालासुद्धा. घरातला काढायची मला भीती वाटत होती. समजा चुकीचा निघाला, तर तोच तिच्या कानात बसायचा. मग खरा जो काही थोडा उरला असेल तोही पुसला जायचा. मी म्हटलं, "काढतो नंतर." ती म्हणाली, "मी जायच्या आधी काढ म्हणजे झालं." पुढं प्रत्येक शनिवारी डबा उघडताना ती माझ्या तोंडाकडं बघायची आणि मी लोणच्याच्या बरणीचं झाकण काढत बसायचो.

शेवटचा शनिवार आला. मंगळवारी तिचं विमान होतं.

त्या दिवशी आम्ही बीच नावाच्या झाडांच्या जंगलात शिरलो. उंच, गुळगुळीत, राखाडी खोडं, वर नवी पालवी, त्यातून गाळून आलेला हिरवा उजेड. खाली जमीन दिसतच नव्हती. सगळीकडं निळी फुलं. लांबून वाटत होतं, धूर येऊन झाडांच्या पायाशी निजलाय. आई हळू चालायला लागली. मध्येच एका फुलाशी वाकायची, मध्येच वर बघायची. मी पुढं गेलो, बाण शोधत. बाण होता, पण दोन वाटांच्या मधोमध, आणि खांब कलंडलेला. ॲप उघडलं तर नेटवर्क नाही. मी अंदाजानं एक वाट धरली, थोडा गेलो आणि मागं वळून बघितलं. आई नव्हती.

"आई," मी हाक मारली.

उत्तर नाही. एक कबुतर फडफडत उडालं.

मला आधी वाटलं, मुद्दाम लपलीये. म्हणून इंग्रज म्हाताऱ्याच्या आवाजात हाक दिली, "हॅलोओ, एनीबडी देअर?" मग हेडसरांच्या आवाजात, "कोण आहे रे तिकडं?" मग ट्रेनमधल्या बाईच्या आवाजात दिलगिरी व्यक्त केली. एरवी एवढ्यात ती हसली असती. जंगल नुसतं निळं होऊन बसलं होतं. मी मागं धावलो, मग बाजूला धावलो, आणि जिथून निघालो होतो तिथंच परत आलो असं वाटलं, कारण सगळी झाडं एकाच आईची. तिचा फोन होता, पण तोही माझ्याच सॅकमध्ये. तोंड कोरडं पडलं. आणि त्या कोरड्या तोंडातून, मी काही ठरवलेलं नसताना, एक हाक बाहेर पडली. मोठी नाही. स्वयंपाकघराच्या दारातून आत डोकावून मारावी तेवढीच.

"अगं... कुठंयस?"

"आले," आई म्हणाली.

अगदी जवळून. डावीकडं एक झाड आडवं पडलं होतं, पलीकडच्या बाजूला त्याच्याच बुंध्यावर ती होती. पर्स मांडीवर, बूट काढून शेजारी ठेवलेले. उठायला निघाली होती, एक हात बुंध्यावर टेकलेला, आणि तशीच अर्धी उठलेली राहिली होती.

मी धापा टाकत म्हटलं, "एवढ्या हाका मारल्या. ओ का नाही दिलीस?"

"रानात तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नसते. चकवा असतो. माणसाचा आवाज काढतो आणि नेतो फिरवत."

"मग मी काय कमी हाका मारल्या?"

"प्रत्येक वेळी वेगळाच आवाज. एकात एक नाही. म्हटलं, हा नक्की चकवाच. वाट चुकली की बसून राहावं, तशी बसले."

"आणि शेवटी पहिल्याच हाकेला ओ दिलीस ती?"

ती खाली बसली. बुटाच्या नाडीशी बराच वेळ खेळली. "ती रानातली कुठं होती," म्हणाली.

मीही बुंध्यावर बसलो. उजेड फुलांवरून सरकत होता. मला वाटत होतं आता ती रडेल. पण ती म्हणाली, "थोडं चुकलं."

"काय चुकलं?"

"'अगं' म्हणून थांबायचे ते. तू थांबलास, पण घाबरून थांबलास. ते शब्द शोधत थांबायचे. आणि 'कुठंयस' शेवटी खाली यायचं. कळलंय तू कुठंयस, असं."

मी परत केलं. तिनं मान हलवली. परत केलं. "नाकात जातोयस, स्टँडवर जातोयस." आणखी एकदा. मग ती कंटाळून म्हणाली, "इकडं बघ." खांदे जरा पाडले, जीभ दातामागं फिरवली, आणि कुठंतरी झाडाच्या पलीकडं बघत म्हणाली, "अगं... कुठंयस."

बाबाच होते. नुसता आवाज नाही, त्या आवाजाच्या मागचं न्हाऊन आलेलं, टॉवेल खांद्यावर टाकलेलं अख्खं शरीर होतं. माझी खोड माझी आहे असं मी इतकी वर्षं समजत होतो.

"तुला येत होता?" मी विचारलं.

"कुठं येत होता. आत्ता तू चुकीचा काढलास म्हणून आला."

मी सॅकमधून फोन काढला. रेकॉर्ड करावा म्हणून. तिनं माझा हात खाली केला. "राहू दे. तोंडात बसलाय आता. घरी नेते."

जंगल संपलं आणि समोर गवताचा मोठा उतार उघडला. खाली मेंढ्या, त्याच्या खाली छोटं चर्च, त्याच्याही खाली आमची गाडी, बोटाच्या नखाएवढी. समोरून एक जोडपं कुत्रा घेऊन चढत होतं. "आफ्टरनून," म्हणाले. आईनं बाबांच्या आवाजात, बाबांसारखीच मान तिरकी करून "नमस्कार" केला. त्यांनीही केला.

ती पुढं चालत होती, हात पाठीमागं बांधून. मी मागं.

"चष्मा कुठाय माझा?" तिनं वळून न बघता, त्याच आवाजात विचारलं.

मी आईचा आवाज काढला. "डोक्यावर आहे. हात लावून बघा."

"चहा टाक."

"हात मोकळे झाले की टाकते."

वाऱ्यानं अख्खा उतार एकदम एकीकडं झुकला आणि परत सरळ झाला.

"अगं... सावकाश," पुढून आवाज आला. "घसरडं आहे."

"येते," मी म्हटलं.