मंगळवारी दादा माझ्याकडे आला नाही

फोन आला तेव्हा सकाळचा चहा गॅसवर होता. बोरी अरबहून प्रशांत बोलत होता, माझा भाचा, दादाचा मुलगा. "आत्या, बाबा उठून नाई राह्यले," एवढंच म्हणाला. मी छत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. माणूस उठत नाही म्हणजे काय करायचं, हे मला झोपेतही सांगता येतं. तसं मी सांगायला लागले. उताणं झोपव, मान मागे कर, छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेव, जोरानं दाब, मोठ्यानं मोज. प्रशांत फोन बाजूला ठेवून मोजू लागला आणि मी इकडे यवतमाळात ओट्याला टेकून त्याचे आकडे ऐकत उभी राहिले. मग आकडे थांबले. "आत्या, अंग थंडं पडलं व..." मी ओरडले, "तू थांबू नको!" आणि त्यानं पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. गेलेल्या माणसाची छाती मी त्याच्याच मुलाकडून किती वेळ दाबून घेतली, मला सांगता येणार नाही. चहा उतू जाऊन गॅस विझला होता, वास घरभर झाला होता. शेजारच्या बाईंनी येऊन तो बंद केला.

दवाखान्यात मी शेकडो नातेवाइकांना सांगितलंय, धीर धरा, कोणाच्या हातात नसतं. किती फालतू वाक्य आहे ते! पाच आठवडे झाले, मला अजून खरं वाटत नाही. एकाहत्तर वर्षांचा माणूस, पण ना बीपी, ना शुगर. जाण्याच्या आठवडाभर आधी सायकलवरून सागाच्या फळ्या आणत होता. मूठभर गोळ्या मी रोज गिळते, आणि उठला नाही तो. याला काय म्हणायचं? मी तर अजून त्याच्यावर चिडलेलीच आहे. पण त्याहून जास्त स्वतःवर, आणि त्याचं कारण सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात काही अर्थ नाही.

दादा सुतार होता. जातीनं नव्हे, हातानं. आयटीआयमध्ये शिकला, दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये लाकडी कामं बघायला लागला आणि रिटायर झाल्यावर बोरी अरबला घरामागे टिनाच्या शेडमध्ये स्वतःचं काम करायचा. आजोबांच्या काळात आमच्या घराण्यानं धम्म स्वीकारला. घरात रोज वंदना व्हायची. माझ्या तोंडी ती होती, दादाच्या अंगात. तो कधी आवाज चढवायचा नाही, पण हट्टी असा की विचारू नका. जिनिंगमध्ये एकदा जेवणाच्या टेबलावर कोणीतरी जुनं कॅलेंडर अंथरलं होतं, त्यावर बुद्धाचं चित्र. दादानं सगळ्यांचे डबे एकेक करून उचलले, चित्रावर सांडलेला रस्सा पुसला, कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि स्वतःचा दुपट्टा तिथे अंथरला. मग बसला जेवायला. एक शब्द बोलला नाही, असं त्याच्या सोबत्यानं आम्हाला पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं.

माझं उलटं. फटकळ म्हणून मी प्रसिद्ध. डॉक्टरांनाही सोडत नव्हते. पण या एका बाबतीत माझी जीभ आत जायची. कोणी आडनाव विचारलं की मी गावाचं नाव सांगायची. घरातली बुद्धमूर्ती बैठकीत नाही, आतल्या खोलीत. दादा दरवेळी आला की आत जाऊन नमस्कार करायचा, बाहेर यायचा, काही म्हणायचा नाही. त्याच्या त्या न म्हणण्याचा मला राग यायचा.

तर त्या रविवारची गोष्ट. पुण्याहून मुलगी, जावई आणि आठ वर्षांची पिहू आले होते. जावई आमच्यातला नाही. फार चांगला मुलगा, पण त्याच्यासमोर मी जरा जपूनच असते. पिहूला कार्टूनमध्ये खातात तसल्या नूडल्स पाहिजे होत्या, आणि आमच्या यवतमाळात नुकतंच एक जपानी हॉटेल उघडलं होतं. हसू नका, खरंच. पुण्यातल्या हॉटेलांत राबून गावी परत आलेल्या नवरा-बायकोनं काढलेलं. यवतमाळकर कच्चा मासा खायचे नाहीत हे ओळखून त्यांनी भाताच्या गुंडाळ्यांत पनीर आणि काकडी भरली होती. बुटकी टेबलं, बसायला गाद्या, मुलांना कागदाचे बगळे करून द्यायचे. मी दादाला फोन केला, दुपारी जेवायला ये. "जपानी? म्हंजे बुद्धाच्या देशातलं?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "हो रे, पण आपण जेवाले चाललो." ते त्याच्या कानात शिरलं नसावं. पांढरा कडक शर्ट, पांढरा पायजमा आणि ओल्या रुमालात बांधलेली चांदणीची फुलं घेऊन तो सरळ बसस्टँडवरून तिथे आला. दारात कोणीच चपला काढत नव्हतं, त्यानं काढल्या.

सुरुवात तर मजेत झाली. पिहूच्या काड्यांना वेटरनं रबर लावून चिमटा करून दिला. दादानं आपल्या काड्या बोटांत फिरवून पाहिल्या, "बांबू चांगला आहे, पण घासला नाई नीट," म्हणाला, आणि जावईसुद्धा हसला. मग हात धुवून येतो म्हणून उठला तो परत येईना. ऑर्डर आली, नूडल्सच्या वाडग्यांतून वाफा निघायला लागल्या, दादाचा पत्ता नाही. मी बघायला गेले.

बेसिनशेजारी, जमिनीवर, बुद्धाची मूर्ती ठेवली होती. गुडघाभर उंचीची, काळसर, ध्यानातली. शोभेची. मांडीतल्या हातांवर एक वाटी, वाटीत बडीशेप, बाजूला टूथपिकची डबी. हात धुणाऱ्यांचं पाणी उडून उडून मूर्तीवर पांढरे डाग पडले होते. दादा समोर उकिडवा बसून आपल्या त्या कडक शर्टाच्या टोकानं डाग पुसत होता. वाटी त्यानं उचलून बाजूच्या कठड्यावर ठेवली होती. हात धुवायला दोन माणसं खोळंबलेली, वेटर "काका, काका" करत उभा, आणि माझ्या मागून जावई येत होता, काय झालं विचारत.

"दादा, उठ," मी म्हणाले.

"शीले, हे पाह्य. हात धुयाच्या जागी बसोलं यायनं. मालकाले सांगून पाह्यतो. रागानं नाई..."

"काई सांगाचं नाई. लोकं पाहून राह्यले. उठ." तो उठेना. मग मी जे बोलले ते हळू आवाजात बोलले, पण दातओठ खाऊन. "जाशीन तिथं आपलं हे घेऊन बसलंच पाह्यजे का तुले? एक दिवस तरी मानसासारखं जेवू दे आमाले."

माणसासारखं. हा शब्द मी वापरला, आणि तो दादाला ऐकवला. जावयाच्या तोंडाकडे मी पाहिलंच नाही. दादा गुडघ्यावर हात टेकून उठला. ती वाटी मात्र त्याच्यानं परत ठेववली नाही. ती मी उचलली आणि मूर्तीच्या हातांवर पुन्हा ठेवली. माझ्या या हातांनी.

नंतर तो येऊन बसला. वाईट वाटलं असं कोणाला दिसू दिलं नाही. पिहूकडून काड्या धरायला शिकला, निम्म्या नूडल्स पायजम्यावर सांडल्या, वाडगा दोन्ही हातांनी उचलून सूप शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. "आजारी मानसाले देयासारखं आहे," म्हणाला, म्हणजे त्याला आवडलं होतं. रुमालातली फुलं शेवटपर्यंत बाहेर आली नाहीत. बसस्टँडवर मी त्याला सोडायला गेले. गाडीच्या पायरीवर पाय ठेवून त्यानं विचारलं, "शीले, जावईबापूले वाईट वाटलं का?" मी म्हटलं, "गाडी सुटून राह्यली, बस." हे आमचं शेवटचं बोलणं.

पुढच्या रविवारी त्याचा फोन आला, तो दर रविवारी यायचाच. मी उचलला नाही. स्वयंपाकात होते, करते मग, असं मनाशी म्हटलं. खरं म्हणजे मलाच लाज वाटत होती आणि लाज वाटली की मी फुगून बसते, ही माझी लहानपणापासूनची खोड. त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी प्रशांतचा फोन आला...

जलदानविधीच्या दिवशी माणसं जेवून गेली, आणि प्रशांत माझ्याजवळ येऊन बसला. "आत्या, मंगळवारी बाबा तुमच्याकडंच आलते ना?" मी म्हटलं, नाही. "असं कसं? पह्यल्या गाडीनं यवतमाळले गेलते. मी ड्युटीवर निघून राह्यलो होतो, तं फाट्यावर गोणपाटात बांधलेलं भलं मोठं गाठोडं घेऊन उभे. म्या म्हटलं, आत्यासाठी तूर-गिर नेत असतीन. सांजेला आले, तं खूश होते." बसस्टँडपासून माझं घर चालत दहा मिनिटं. चाळीस वर्षांत दादा यवतमाळला आला आणि माझ्याकडे पाणी प्यायला आला नाही, असं एकदाही झालं नव्हतं. जाण्याच्या दोन दिवस आधी तो माझ्या गावात दिवसभर होता आणि माझ्या दारात आला नाही. इतका तुटला होता तो माझ्यापासून? मग खूश कशानं होता? तीन आठवडे मी याच एका गोष्टीनं पछाडले होते. ओळखीच्या दोन-तीन घरी विचारलं, लाकडाच्या अड्ड्यावर विचारलं. कोणाकडेच गेला नव्हता. तो गेला याचा धक्का एकीकडे, आणि न भेटता गेला याचा दुसरीकडे. दुसरा जास्त लागत होता, हे मी खोटं कशाला बोलू.

गेल्या आठवड्यात ठरवलं, दादाला जे करू दिलं नाही ते आपण करायचं. दुपारी गर्दी नसताना गेले. मालकाला काय सांगायचं ते रस्ताभर घोकलं होतं. रागानं नाही, समजावून. दारातून तडक बेसिनपाशी गेले, तर जागा रिकामी! तिथे एक कुंडी ठेवलेली. झालं, माझा सगळा तोल गेला. दादानं पुसलेली मूर्ती यांनी भंगारात घातली, एवढंच डोक्यात आलं. "इथली मूर्ती कुठाय?" मी ओरडले. "कुठं फेकली? आमचा देव नसेल, आमचा गुरू आहे तो! आम्ही बौद्ध आहोत, समजलं का?" लोक वळून पाहत होते, आणि मला थांबता येत नव्हतं. छत्तीस वर्षं नोकरीत जे चारचौघांत कधी म्हटलं नाही, ते मी नूडल्स खाणाऱ्यांसमोर म्हणत होते.

मालकीणबाई काउंटरमागून धावत आली. तिशीची असेल. तिनं माझा हात धरला. "ताई, ओरडू नका. या माझ्यासोबत." मला तिनं आतल्या दालनात नेलं. समोरच्या भिंतीशी, बसल्या माणसाच्या नजरेला नजर भिडेल अशा उंचीवर, सागाच्या आसनावर ती मूर्ती होती. हातांत वाटी नव्हती. मी जवळ गेले. एकही खिळा नाही, लाकडात लाकूड बसवलेलं. आसनाच्या खालच्या बाजूला हात घातला. जिथे कोणी कधी बघणार नाही तिथेही घासून घासून मऊ केलेलं. मला आणखी काही विचारायची गरज नव्हती. मी तिथल्याच एका गादीवर बसले.

"एक काका आले होते, पांढऱ्या कपड्यातले," ती सांगत होती. "मंगळवार होता. गोणपाटात बांधून बसमधून आणलं हे एवढं. आम्हाला आधी वाटलं काही विकायला आलेत. तर हात जोडून म्हणाले, मूर्ती तुमची, जागा तुमची, मी फक्त बसाले आसन आणलं. आम्हालाच इतकं ओशाळल्यासारखं झालं ताई, आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. दोन तास लेव्हल बघत होते. मग ह्यांनी विचारलं, काका, तुम्हाला कोणी सांगितलं हे करायला? तर म्हणाले, माह्या बहिणीनं पाठोलं. तिच्या मनाले लागलं होतं ते, पण चारचौघात बोलाचा तिचा सभाव नाई. एक दिवस ती सोता येईन पाहाले."

तो माझ्याकडे का आला नाही, ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं. गाठोडं घेऊन माझ्या दारात आला असता, तर मी त्याला त्या हॉटेलात जाऊ दिलं नसतं. हे त्याला पक्कं माहीत होतं.

पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. दादा गमतीतही खोटं बोलत नसे, लहानपणी त्यापायी मी कितीदा मार खाल्लाय. आणि या अनोळखी बाईपुढे तो माझ्यासाठी धडधडीत खोटं बोलून गेला होता. ती माझ्याकडे बघत होती, ओळख पटल्यासारखी. "ताई, त्या बहीण तुम्हीच का?" तिनं विचारलं. "तुम्हीच पाठवलं होतं ना त्यांना?"

"हो," मी म्हणाले. "मीच पाठवलं होतं दादाला."