एकशे चाळीस ग्रॅम

आमचं किराणा-भुसाराचं दुकान मंचरच्या बाजारात आहे, घर त्याच्याच वर. दुकानातला काटा तीस किलोपर्यंत तोलतो आणि दहा ग्रॅमचा फरक दाखवतो. दर वर्षी वजनमापवाले येऊन त्याला शिक्का मारून जातात. गूळ, शेंगदाणे, पेंड असं सगळं त्यावर तोललं जातं. गेल्या एप्रिलपासून दर सोमवारी सकाळी साडेसातला, दुकान झाडून झालं की पहिलं गिऱ्हाईक येण्याआधी, मी त्यावर माझी मुलगी तोलतो. आधी वेताची टोपली आणि दुपटं ठेवून काटा शून्यावर आणायचा, मग तिला ठेवायचं. ती हलायची थांबेपर्यंत आकडा स्थिर होत नाही, म्हणून तीनदा पाहायचं आणि मधला आकडा लिहायचा.

महाळुंगे पडवळचे एक शेतकरी सोमवारी माल घेऊन बाजारात येतात आणि परत जाताना आमच्याकडून किराणा नेतात. एकदा ते लवकर आले आणि त्यांनी ते पाहिलं.

"शेट, पोरगी तोलताय व्हय? काय भाव लावलाय?"

"विकायची नाही, भाऊ."

"मंग तोलता कशापायी? आमच्यात लेकराला तोलत न्हाईत. नजर लागती."

नजर लागायची ती लागून गेली, असं मी म्हणालो. ते हसले नाहीत. टोपलीत वाकून तिच्याकडे पाहत म्हणाले, "लई बारीक हाय वो."

बारीक होतीच. लग्नानंतर चौदा वर्षांनी, माझ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ती डिसेंबरात जन्माला आली. वजन दोन किलो सातशे. चौथ्या महिन्यात ती चार किलो तीनशे दहा होती. दूध पोटभर घ्यायची, तासाभरात पुन्हा भुकेनं रडायची. दिवसाला सात-आठ वेळा शी. त्या शीला असा वास की खोलीत थांबवत नसे, आणि लंगोटावर तेल सांडल्यासारखा डाग. माझी आई, तिला आम्ही बाई म्हणतो, बाराव्या दिवसापासून सांगत होती की हिच्या कपाळाचा पापा खारट लागतो. आम्ही हसण्यावारी नेलं. पुण्याच्या डॉक्टरांनी घामाची तपासणी केली तेव्हा कळलं, की सबंध घरात बाईनं एकटीनंच बरोबर निदान केलं होतं.

आजाराचं नाव सिस्टिक फायब्रोसिस. आईवडील दोघांकडून येतो, दोघांनाही काहीही होत नसताना. शरीरातले पातळ स्राव घट्ट होतात. छातीत कफ साचतो, पचनाचा रस आतड्यापर्यंत पोचत नाही, आणि घामातून मीठ जातं. डॉक्टर शांतपणे बोलत होत्या. पचनाचा रस कॅप्सूलमधून द्यायचा, प्रत्येक दुधाआधी. कॅप्सूल उघडून आतले बारीक दाणे सफरचंदाच्या गराच्या थेंबावर ठेवून चाटवायचे, मग तोंडात दाणा राहिला नाही ना ते पाहायचं, नाहीतर तोंड येतं. मोजून मीठ द्यायचं. दोन वेळा वाफारा देऊन पाठीवर, छातीवर पोकळ हातानं थापटायचं. आणि हे सगळं आयुष्यभर.

मी विचारलं, "आयुष्यभर म्हणजे किती?"

"ते तुमच्या-माझ्या हातात पूर्ण नाही. पण वजन तुमच्या हातात आहे," त्या म्हणाल्या. "जूनच्या मध्यापर्यंत साडेपाच किलो करा. पावसाळ्यात छाती भरणार हे धरून चाला. तेव्हा खर्च करायला अंगावर काहीतरी शिल्लक पाहिजे."

मला उद्दिष्ट मिळालं आणि बरं वाटलं. परत येताना पेठ गावाजवळ रस्त्याकडेला गाडी थांबवून आम्ही पहिली कॅप्सूल उघडली. बायकोनं दाणे चाटवले, मी मोबाइलच्या उजेडात तोंड तपासलं. घरी आल्यावर वही केली: तारीख, दुधाच्या वेळा, शी, वजन. एकवीस दिवसांत मुलगी चार किलो नऊशे तीसवर आली. शी तीनवर आली. लंगोटावरचा डाग गेला. ती पहिल्यांदा दुधानंतर झोपली, न रडता.

त्याच सोमवारी दुपारी, दुकानात गर्दी नव्हती तेव्हा, मी बाटलीतला कागद वाचायला घेतला.

हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही: आम्ही जैन. पणजोबा राजस्थानातून आले, आमची भाषा मराठी झाली, पण चूल तीच राहिली. कांद्याच्या तालुक्यात राहून आम्ही कांदा खात नाही. दुकानात पाकीट आलं की मी आधी हिरवा ठिपका पाहतो, मग किंमत. तपकिरी ठिपक्याची वस्तू आमच्या फळीवर कधी लागली नाही. औषधांच्या बाटल्यांवर असा ठिपका नसतो आणि माझ्या ते तीन आठवडे लक्षातही आलं नव्हतं. कागदावर अक्षर मुंगीएवढं. भिंग घेऊन वाचलं. ते दाणे डुकराच्या स्वादुपिंडापासून केलेले होते.

मी कागद घडी करून खिशात ठेवला. कुणाला बोललो नाही. डॉक्टरांना फोन करायला हवा होता, केला नाही, कारण त्या काय म्हणतील ते मला माहीत होतं. औषधाच्या दुकानात गेलो आणि विचारलं, शाकाहारी पाचक आहे का? दुकानदारानं लहान मुलांचे थेंब दिले, पपईच्या चिकापासून केलेले. मुलीला काय आहे ते त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. खोक्यावर हिरवा ठिपका होता. मला आठवतं, तो पाहून मी सुटकेचा श्वास सोडला होता.

बायकोला म्हणालो, "औषध बदलून दिलंय, आता हे थेंब द्यायचे."

तिनं विचारलं, "डॉक्टरांनी?"

मी मान हलवली. बावीस वर्षं धंदा केला, पण तोंडानं न बोलता खोटं सांगायची माझी ती पहिली वेळ.

मंगळवारपासून थेंब सुरू झाले. पुढच्या सोमवारी चार किलो आठशे ऐंशी. मी वहीत लिहिलं: उकाडा. शेजारी लिहिलं: तोलण्याआधी शी झाली होती. शी पाचवर गेली, मग सातवर. लंगोटावर डाग आला. बायको म्हणाली, "अहो, हे पहिल्यासारखं होतंय." मी म्हणालो, नवीन औषध लागू पडायला वेळ लागतो. शुक्रवारी मला राहवलं नाही, सोमवारची वाट न पाहता तिला खाली आणलं. चार किलो सातशे नव्वद.

तीनदा पाहिलं. तिला बायकोकडे दिलं आणि शिक्क्याचं एक किलोचं माप काढून काट्यावर ठेवलं. एक किलो शून्य शून्य. दोन किलोचं ठेवलं. बरोबर. काट्यात खोट असती तर किती बरं झालं असतं, असं त्या सकाळी वाटलं.

मग खिशातला कागद काढून बायकोपुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. तिनं तो वाचला नाही. वही मागितली. बोट फिरवत तिनं वजाबाकी केली.

"गिऱ्हाइकाचं दहा ग्रॅम कधी मारलं नाहीत तुम्ही," ती म्हणाली. "पोरीचं एकशे चाळीस ग्रॅम मारलंत."

मी काही बोलायला गेलो.

"काही बोलू नका. कॅप्सूल कुठे ठेवल्यात तेवढं सांगा."

त्या मी टाकल्या नव्हत्या. गल्ल्याच्या खालच्या खणात, कुलपात होत्या. तिनं तिथेच, दुकानाच्या पायरीवर बसून एक उघडली. वर फक्त सफरचंद आणायला गेली. त्या दिवसानंतर औषधाच्या बाबतीत ती माझ्या मान हलवण्यावर विश्वास ठेवत नाही. खोकं स्वतः वाचते. ते मला मान्य आहे.

डॉक्टरांनाही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, "हे माझ्याकडून राहिलं. मी आधीच विचारायला हवं होतं." पर्याय आहे का, मी विचारलं. "हिच्यासाठी आज तरी नाही."

राहिली बाई. ती सूर्यास्तानंतर पाणी पीत नाही, वाटेतली मुंगी ओलांडून जाते. तिच्यापासून लपवू, असं बायको म्हणाली. मी म्हणालो, लपवून काय झालं ते पाहिलंस ना. सांगितलं तेव्हा बाई तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"किती दिवस द्यावं लागेल?"

"कायम."

"नाही दिलं तर?"

मी वही उघडून ते अकरा दिवस दाखवले. बाईला अक्षरं कमी येतात, आकडे येतात. तिनं तांदळातले आणखी दोन खडे वेचून बाजूला ठेवले.

"माझ्या चुलीपाशी आणायचं नाही," शेवटी ती म्हणाली. "चमचा वेगळा. वाटी वेगळी. त्यांना लाल दोरा बांध, म्हणजे चुकून मिसळायचं नाही. सफरचंद मी किसून देईन. ते तर झाडाचंच आहे."

चमचा आणि वाटी दुकानात आली. बाटली मी गल्ल्याशेजारच्या फळीवर ठेवली, गिऱ्हाइकाला दिसेल अशी. मग वाटलं, एवढी वर्षं लोक माझ्या फळीवरची वस्तू न बघता घेतात. म्हणून तपकिरी पेन घेऊन बाटलीवर चौकोन काढला आणि त्यात ठिपका भरला. आमच्या दुकानात तपकिरी ठिपक्याची ही एकच वस्तू आहे, आणि ती मी स्वतःच्या हातानं लावली आहे.

पंधरा जूनला मुलगी पाच किलो तीनशे सत्तर भरली. साडेपाचला एकशे तीस कमी. माझ्या हातून गेलेले एकशे चाळीस तिच्या अंगावर असते तर ती दहा ग्रॅम वर असती. डॉक्टर म्हणाल्या, असा हिशेब करू नका. मी दुसरा कसला करणार?

जुलैत छाती भरली. पुण्याला नऊ दिवस. हाताला सुई, नाकाला नळी. पाच किलो सहाशे चाळीसवरून पाच किलो तीनशे दहावर आली. बायको सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं थापटायची, तिचे हात दुखले की मी. त्या नऊ दिवसांत मला एक कळलं: अंगावरचा प्रत्येक ग्रॅम म्हणजे तिनं झुंजायला नेलेली शिदोरी होती, आणि ती जेमतेम पुरली. नवव्या दिवशी तिनं डॉक्टरांच्या गळ्यातली नळी धरून ओढली आणि सोडेना. आम्ही घरी आलो.

महाळुंग्याचे शेतकरी त्या सोमवारी वाटच पाहत होते. बाटलीकडे बोट करून म्हणाले, "शेट, ह्ये डुकराचं हाय म्हनं? बाजारात बोलत्यात."

"आहे."

"अन् तुमी देता?"

"देतो. तिला मोजून देतो."

"आमची कोंबडी बघून त्वांड फिरवायचा राव तुमी!" ते मोठ्यानं हसले. मग हसू आवरत म्हणाले, "द्या, द्या. जगू द्या तिला. बोलणाऱ्याच्या बापाचं काय जातंय."

पर्युषणाच्या आठ दिवसांत जुन्नरहून वडिलांचे चुलतभाऊ आले. आम्ही त्यांना काका म्हणतो. वयानं मोठे, समाजात शब्दाला मान. त्यांनी बाटलीवरचा ठिपका पाहिला आणि चपला न काढताच उभे राहिले.

"हे दुकानात? या आठ दिवसांत?"

"तिला याही आठ दिवसांत भूक लागते, काका."

"औषध आहे, समजू शकतो. पण निदान आत ठेव. चारचौघांत ठिपका काढून मिरवायचं काय कारण?"

"आत ठेवलं होतं. कुलपात. तेव्हा तिचं वजन गेलं."

ते माझ्याजवळ आले, आवाज खाली आणला. "रागावू नकोस. अशी मुलं किती दिवसांची असतात ते तुलाही माहीत आहे. मुलीची जात, त्यात हे. एवढ्यासाठी रोज एका जिवाचं पाप माथ्यावर घ्यायचं?"

बायको पायरीवर तिला थापटत होती. हात थांबला नाही. मी काकांना म्हणालो, "पाप माझ्या नावावर लिहा. रोजचं लिहा, मी खाडाखोड करायला येणार नाही. पण ती किती दिवसांची आहे, ते तुम्ही आकडा न पाहता सांगू नका. माझ्याकडे वही आहे. ती रोज चौदा ग्रॅमनं वाढते आहे."

काका चहा न घेता गेले.

संवत्सरीला, पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, आम्ही वर्षभरात कळत-नकळत दुखावलेल्या सगळ्या जिवांची क्षमा मागतो. स्थानकात, म्हणजे आमच्या धर्मस्थानात, हात जोडून मी सगळ्यांना मिच्छामि दुक्कडम् म्हणालो. काकांनाही म्हणालो, त्यांनीही हात जोडले. ज्या जनावराच्या अंगातून ते दाणे येतात त्याचं नाव मात्र ओठांवर आलं आणि मी गिळलं. क्षमा मागायची तर पुन्हा करणार नाही असं मनात हवं. मी दोन तासांनी पुन्हा करणार होतो, उद्या करणार होतो, ती जगेल तितकी वर्षं करणार आहे. ती क्षमा खोटी झाली असती. त्याचं ऋण माझ्यावर आहे, एवढं मी मान्य करतो, आणि ते फेडता येत नाही.

घरी येऊन मी मुलीपुढे बसलो. ती चटईवर पालथी पडून माझ्या किल्ल्या चघळत होती. हात जोडले आणि तिला म्हणालो, "त्या अकरा दिवसांबद्दल." एवढंच. ही क्षमा मला खरी मागता आली, कारण ते मी पुन्हा करणार नाही.

बाईचा निर्जळी उपवास होता, चोवीस तास पाण्याचा थेंब नाही. भिंतीला धरत ती उठली, स्वयंपाकघरातून किसलेलं सफरचंद घेऊन आली आणि दारातच थांबली.

"तुझी वाटी आण," ती म्हणाली. "लाल दोऱ्याची. तिची वेळ झाली."