धूळकाकू आणि बंद पेटी

सगळी प्रयोगशाळा तिला धूळकाकू म्हणायची. घरी आई म्हणायची, "आभाळातली धूळ काढतेस, आधी स्वतःच्या खोलीतला केर काढ." आईचंही काही खोटं नव्हतं. पण काकूची धूळ मोठी हट्टी होती. विश्व जन्मलं त्या क्षणी अवकाशाला हिसके बसून गुरुत्वाच्या लाटा उठल्या असतील, तर सर्वांत जुन्या प्रकाशात त्यांचा एक पुसट पीळ, म्हणजे प्रकाशलहरींच्या दिशेत पडलेलं वळण, उरला असणार. शोधायचा तो पीळ. आणि आपल्या आकाशगंगेतली धूळ नेमका तसाच पीळ दाखवून भल्याभल्यांना तोंडघशी पाडते. ती धूळ वजा करण्यात काकूची उमेदीची वर्षं गेली. लग्न राहून गेलं, त्याचं तिला फारसं वाटलं नाही. पण पीळ सापडलाच नाही तर आयुष्यभर आपण नुसता केर काढला, या विचारानं ती रात्री उठून पुन्हा आकडे तपासायची.

प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणजे सर. त्यांचा एक नियम होता. धूळ कशी वजा करायची यावर सगळ्यांचं एकमत होईपर्यंत त्या जुन्या प्रकाशाचा शेवटचा नकाशा कुणीही पाहायचा नाही. आशेला लागलेला माणूस नकळत आकड्यांना ढकलतो, असं त्यांचं म्हणणं. नियम चांगलाच होता, आणि त्यानंच घात केला. नकाशा संगणकात कुलूपबंद होता, त्याला सगळे पेटी म्हणत. कुलूप काकूनंच रचलेलं, किल्लीही तिच्याकडेच. सरांचा एवढा विश्वास दुसऱ्या कुणावर नव्हता.

एकमत होत आलं आणि सरांनी अंथरूण धरलं. दवाखान्याच्या जिन्यात त्यांच्या बायकोनं काकूचे हात धरले. "पेटी उघडेपर्यंत ते टिकत नाहीत गं. सांग त्यांना, सापडलं म्हणून. खोटं तर खोटं. सुखानं जातील तरी."

काकूचा जीव तुटला. पोटच्या पोरीसारखं शिकवलं त्या माणसानं. ती खाटेशी वाकली. "सर, पीळ सापडला."

सरांचे डोळे चमकले, पण क्षणभरच. "धूळ वजा करून?"

"हो, सर."

"म्हणजे पेटी उघडलीस."

हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. "नाही हो सर! खोटं बोलले मी. तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

"मघाशी खोटं बोललीस की आत्ता बोलतेयस?"

बायको रडत मध्ये पडली, "अहो, मीच तिला सांगितलं." सरांनी तिला हातानं थांबवलं आणि फोन मागितला. फोन गेला थंडोबाला. दुर्बिणीचं यंत्र थंड ठेवणं हे त्याचं काम, म्हणून हे नाव. "पेटी फुटली असं धरून चाला," सर म्हणाले. "तिला यापुढे कशात घेऊ नका."

काकू खोलीबाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. त्याच आठवड्यात सर गेले.

मग काकूनं एकेकाच्या विनवण्या केल्या. पेटीला कुणी हात लावला नसल्याची संगणकातली नोंद दाखवली. पण नोंद ठेवणारी व्यवस्थाही तिचीच, ती पुसायला तिला कितीसा वेळ लागणार? सरांच्या बायकोनं साक्ष दिली, तर लोक म्हणाले, बाई मायेपोटी बोलतात. कुणी वाईट वागलं नाही, चहालाही बोलवायचे. फक्त किल्ली काढून घेतली आणि तिची पद्धत बाजूला ठेवून धूळ दुसऱ्यांनी नव्यानं वजा केली.

पेटी उघडली त्या दिवशी सगळे आत होते आणि काकू बाहेर बाकावर. देव न मानणाऱ्या त्या बाईनं हात जोडले होते. माझं नाव नको, पण पीळ असू दे, एवढंच ती पुटपुटत होती. आतून ना टाळ्या, ना आरडाओरडा. मग दार उघडलं आणि थंडोबा येऊन तिच्याशेजारी बसला.

"काही नाही गं," तो म्हणाला. "नुसती धूळ."

काकूला हुंदका आवरेना. सरांसाठी, स्वतःसाठी, गेलेल्या सगळ्या वर्षांसाठी ती ओक्साबोक्शी रडली. थंडोबानं मायेनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आता कशाला रडतेस? तू तर आधीच पाहिलं होतंस. म्हणूनच सरांना खोटं सांगितलंस ना?"