सोळा बाय बारा

कारखान्यात कुजबुज अशी होती की बॉयलरमास्तरांनी पोट उपसून घेतलं. म्हणजे गुपचूप दवाखान्यात जाऊन, नळी खुपसून, पंप लावून चरबी ओढून काढली. किती लिटर निघाली तेही स्टोअरकीपरला ठाऊक होतं, आणि रोज जेवणाच्या सुट्टीत तो त्यात अर्धा लिटर वाढवत होता. पुरावेही भक्कम. स्टोअरकीपरच्या मेहुणीने मास्तरांना त्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना पाहिलं होतं, आणि कपडे बदलायच्या खोलीत चारचौघांना त्यांच्या कमरेभोवतीचा काळानिळा पट्टा दिसला होता. अजून काय पाहिजे?

आता मुळापासून ऐका.

वर्षातून एकदा बॉयलर थंड करून उघडतात. आत शिरायला एक लांबट गोल तोंड असतं, सोळा इंच बाय बारा इंच. कारखान्याची रीत अशी की सगळ्यांत जुन्या कामगाराने आधी आत जायचं, छोट्या हातोडीने एकेक नळी वाजवायची, आवाज ऐकायचा आणि बद्द वाजेल तिच्यावर खडूने फुली मारायची. बावीस वर्षं ती फुली मास्तरांची. पण त्या वर्षी डोकं आत गेलं, खांदे गेले आणि पोटाने साफ नकार दिला. शेवटी दोघांनी पाय धरून बाहेर ओढलं. साहेबांनी हसू दाबलं, चहा मागवला आणि लाडीगोडीने म्हणाले, "मास्तर, पुढच्या वर्षी तुम्ही बाहेर खुर्ची टाकून बसा. आत दुसरं कोणीतरी जाईल."

ती खुर्ची मास्तरांच्या जिव्हारी लागली.

"देतायत तर बसा की," घरी बायको म्हणाली. "लोक खुर्चीसाठी काय काय करतात."

"खुर्चीवरून नळीचा आवाज ऐकू येत नाही."

"मग हे उतरवा." तिने त्यांच्या पोटावर बोटांनी टकटक केलं. "आवाज तर चांगला भरीव आहे."

मास्तर तडक दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई त्यांच्या मुलीच्या वयाची. तिने पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली; हाताला फारसं काही आलंच नाही.

"काका, चिमटीत येते ती चरबी आम्ही नळीने काढतो. तुमची आत आहे, स्नायूंच्या मागे, आतड्यांभोवती. तिथे नळी घालत नाहीत."

"कोणीच नाही?"

"कोणीच नाही. ती चालण्याने आणि कमी जेवण्याने जाते. आणि हे ऑपरेशन वजन उतरवायला नसतंच, आकार नीट करायला असतं."

"मला आकारच पाहिजे," मास्तर म्हणाले. "सोळा बाय बारा."

बाई हसली, पण ऑपरेशनला काही तयार झाली नाही.

त्याच संध्याकाळी मास्तर प्लायवूड घेऊन घरी आले. मापाचं भोक कापलं आणि फळी बाल्कनीच्या दाराच्या चौकटीत ठोकली. दुसऱ्या दिवसापासून स्कूटर बंद. कारखाना चार किलोमीटर, जाऊन येऊन आठ. ताटातलं निम्मं आधीच बाजूला. आणि दर रविवारी सकाळी परीक्षा: हात पुढे, डोकं, खांदे, मग पोट. पहिल्याच रविवारी असे अडकले की ना इकडे ना तिकडे. बायको साबणाचं पाणी घेऊन आली.

"अहो, श्वास सोडा."

"सोडला."

"मग चहाबरोबरची बिस्किटंही सोडा."

बिस्किटं सुटली. साखरही सुटली. चौथ्या महिन्यात वजनाचा काटा जागचा हलेना, तेव्हा मास्तरांनी दोन दिवस तो ठोकून ठोकून पाहिला. तिसऱ्या दिवशी घरी येताना लांबचा रस्ता धरला, पुलावरून. सहा मिनिटं जास्त. बायको खिडकीतून पाहायची, आणि ते आले की मुद्दाम विचारायची, "रस्ता चुकलात का?"

"नाही. सापडला."

वर्ष फिरलं. बॉयलर उघडला. साहेबांनी खरंच खुर्ची मांडून ठेवली होती. मास्तरांनी तिच्यावर आपला डबा ठेवला, हातोडी आणि खडू खिशात घातले आणि तोंडाशी ओणवे झाले. डोकं गेलं. खांदे गेले. कमरेशी गाडी थांबली. स्टोअरकीपर पुढे सरकला. पाय ओढायला त्याचे हात शिवशिवत होते. आतून एक लांब सुस्कारा ऐकू आला, बूट दोनदा हलले आणि दिसेनासे झाले.

मग टण्. टण्. टण्. आणि मध्येच एक बद्द आवाज. तासाभराने मास्तर काजळीने माखून बाहेर आले. "पाच फुल्या आहेत," एवढंच बोलले आणि खुर्चीवरचा डबा उचलून जेवायला गेले.

"पंपाची कृपा," स्टोअरकीपर पाठीमागून म्हणाला.

खरं सांगायचं तर त्यांच्या पोटात नळी कधी गेलीच नाही. दवाखान्याने त्यांना पहिल्याच दिवशी परत पाठवलं होतं. पोट वर्षभर चालून उतरलं, आणि कमरेभोवतीचा काळानिळा पट्टा बाल्कनीच्या दारातल्या प्लायवूडच्या कडेचा होता.