दोघींच्या गोष्टीचा शेवट

आमच्या बेलवलीच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने धम्मग्रंथ वाचायचा मान शालनताईंचा. मान म्हणजे कामच. आषाढी पौर्णिमेला पहिलं पान उघडायचं, रोज संध्याकाळी थोडं थोडं वाचायचं आणि आश्विन पौर्णिमेला शेवटचं पान वाचून खीर वाटायची. आम्ही बायका पांढऱ्या साड्या नेसून समोर बसायचो. त्यातल्या निम्म्या ऐकायच्या, उरलेल्या डुलक्या काढायच्या, आणि मी दोन्हीकडे असायचे. पण ताईंचा आवाज असा, की झोपेतसुद्धा काहीतरी पदरात पडायचं.

ताई अंबरनाथच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला होत्या. लग्न केलं नव्हतं. घरी त्या आणि अंजनी, बरीच वर्षं. अंजनी उल्हासनगरच्या व्यापाऱ्यांचे परकर शिवायची. नवऱ्याने टाकल्यावर भाड्याची खोली शोधत आली आणि ताईंकडेच राहिली. गल्लीत सगळे त्यांना मैत्रिणी म्हणायचे. मैत्रिणी मलाही आहेत. त्यांच्यातली एकही माझ्यासाठी भाकऱ्या झाकून उपाशी बसत नाही. त्या दोघींचं एकमेकींवर प्रेम होतं, नवरा-बायकोत असतं तसं, आणि खरं सांगायचं तर आमच्या गल्लीतल्या बऱ्याच नवरा-बायकोत नसतं तसं.

ताईंना एकच नाद, वाचनाचा. त्यातही दोन बायकांच्या प्रेमाच्या गोष्टी आणि कविता त्या शोधत फिरायच्या. दुकानात जाऊन असं पुस्तक मागणार कोण? म्हणून उल्हासनगर कॅम्प एकमधल्या एका सिंधी रद्दीवाल्याकडे त्या जुने दिवाळी अंक चाळत बसायच्या. दोन मैत्रिणींच्या गोष्टी हव्यात, एवढंच त्याला सांगितलेलं. तो बिचारा कव्हरवर दोन बायका दिसल्या की अंक बाजूला ठेवायचा. आत निघायची साड्यांची जाहिरात. तरी वर्षा-दोन वर्षांत एखादं खरं काही हाती लागायचं. कविता असली तर ताई ती पुन्हा पुन्हा वाचून दाखवायच्या आणि अंजनी मशीन थांबवून ऐकायची. गोष्टीचं मात्र वेगळं. शेवट जवळ आला, की अंजनी उठून चहा टाकायला जायची. कारण शेवटी दोघींतली एक मरायची, नाहीतर तिला वेड लागायचं, नाहीतर तिचं लग्न व्हायचं. मेली ना, मग नको सांगू, असं ती आतूनच म्हणायची. मला हे लेखक लोक कळत नाहीत. दोन बायका सुखाने जेवताना दिसल्या की यांच्या पोटात का दुखतं?

२००६ च्या पावसाळ्यात अंजनीची वहिनी वारली. भाऊ धर्मराज अंबरनाथहून आला आणि म्हणाला, आता माझं घर तूच सांभाळ, तसंही इथे तुझं कोण आहे? पौर्णिमा झाली की टेम्पो घेऊन येतो. अंजनी उठून चहा टाकायला गेली. नवऱ्याने टाकलं तेव्हा याच भावाने तिची बाजू घेतली होती, त्याला नाही कसं म्हणायचं? ताईंना जा म्हणवेना, आणि राहा म्हणायचा आपल्याला हक्क काय, असं त्यांना वाटायचं. माझ्याकडे मेथी निवडायला बसल्या असताना त्यांनी हे सांगितलं आणि रडल्या. 

त्याचा परिणाम ग्रंथावर झाला. दरवर्षी थांबून समजावून सांगणाऱ्या ताई त्या वर्षी नुसत्या धावत सुटल्या. मनातलं ऐकू येऊ नये म्हणून वाचत होत्या. व्हायचं तेच झालं. पौर्णिमेला आठवडा बाकी आणि ग्रंथ संपला. आमच्या विहारात असं कधी झालं नव्हतं. महिला मंडळाच्या अध्यक्ष यशोधराबाई, वय पंच्याहत्तर आणि जीभ पंचविशीतली, म्हणाल्या की घाई तू केलीस, आता तूच निस्तर. समाप्ती पौर्णिमेलाच होणार, तोवर दुसरं काहीतरी चांगलं वाच.

दुसऱ्या दिवशी ताईंनी पिशवीतून एक जुना दिवाळी अंक काढला. दीर्घकथा होती. एक बालवाडीची बाई आणि एक सतरंज्या विणणारी, एका घरात राहणाऱ्या, एकमेकींवर जीव टाकणाऱ्या. पहिल्या संध्याकाळी कुजबुज झाली. माया नावाची एक नवी सून तोंडाला पदर लावून हसली. यशोधराबाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग पुढच्या दिवसांत कोणी डुलकीही काढली नाही. मी तर घरी कुकर लावायचा विसरले. अंजनी रोज पहिल्या रांगेत, मान खाली घालून.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी शेवटची पानं आली. विणणारीचा भाऊ तिला न्यायला येतो, सामान ओट्यावर काढून ठेवलेलं आहे. इथे ताई थांबल्या. तो अंक मी नंतर मागून नेला, म्हणून सांगते. त्यात ती भावामागून जाते आणि महिन्याभरात विहिरीत सापडते. ताईंनी अंक मिटला. पुढचं मला वाचवत नाही, म्हणाल्या.

बायका ऐकेनात. एवढे दिवस बसवून ठेवलं आणि आता काय? ती गेली की राहिली, तेवढं तरी सांगा. ताई नुसती मान हलवत होत्या. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

तेव्हा अंजनी उठली. चार माणसांत ती कधी बोललेली मी पाहिली नव्हती. मला वाटलं, बाहेर चालली. पण ती ताईंच्या शेजारी जाऊन आमच्याकडे तोंड करून उभी राहिली.

"मी सांगते," ती म्हणाली. "ती नाही गेली. भावाला म्हणाली, माझं माणूस इथे आहे. तू कधीपण ये, जेवून जा, पण न्यायला येऊ नको."

विहारात धर्मराजचं सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे तो खरंच आला, जेवला आणि रिकामा टेम्पो घेऊन गेला. पण त्या संध्याकाळी ते अजून व्हायचं होतं.

यशोधराबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "आणि त्या भावाचं घर कोण बघणार गं?"

"त्याला दोन हात आहेत, आजी."

म्हातारी हसली. मग तिने ताईंना विचारलं, "शालन, असंच आहे का त्या पुस्तकात?"

ताईंनी अंक उघडलाही नाही. अंजनीकडे बघत म्हणाल्या, "हो आजी. असंच लिहिलंय."