फोटोतली उजवी बाजू

गणपतीच्या आदल्या आठवड्यात चौक फाट्याजवळ टमटम कलंडली. तीत खालापूरच्या ब्लाउजवाल्या मावशी होत्या. त्या उजव्या कुशीवर पडल्या.

तुम्ही त्यांच्याकडे कधी ब्लाउज शिवून घेतला असेल, तर त्यांचं वाक्य तुम्हालाही ऐकवलं गेलं असेल. छातीला टेप लावायच्या आणि म्हणायच्या, "श्वास सोड गं. माझ्यासमोर कशाला बारीक होतेस?" श्वास धरून माप दिलेली बाई पुढं हुक लागत नाहीत म्हणून भांडायला येते, हा त्यांचा अनुभव.

बरगडी मोडली असेल म्हणून कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा सीटी स्कॅन करायला लावला. बरगडीला बारीक चीर होती, ती आपोआप भरणार होती. पण अहवालात आणखी एक नोंद होती : डाव्या स्तनात लहान गाठ, मॅमोग्राफी व सोनोग्राफी करावी. गाठ साधी की कर्करोगाची, हे या स्कॅनवरून ठरत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

आमची घरं एकाच आळीत; मी पेपरला तालुक्याच्या बातम्या देते. मावशींनी मला दुकानात बोलावलं आणि स्कॅनची फिल्म दाराच्या उजेडात धरली. "ही बघ गाठ. उजवीकडंच हाय. इथंच आपटले मी. मुका मार हाय, रक्त साकळलंय."

"अहवालात डावीकडे लिहिलंय, मावशी."

"लिवणारा चुकलाय. फोटो खोटं बोलंल का?"

मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून त्या उजवी बाजू शेकत राहिल्या. गौरीचे ब्लाउज शिवायचे होते. मी तपासणीचा विषय काढला की मशीन न थांबवता म्हणायच्या, "शेकून दुखणं कमी होतंय की. कॅन्सर शेकून कमी होतो का? तू पेपरवाली, तूच सांग."

दुखत होती ती बरगडी. गाठ दुखत नव्हती.

विसर्जनानंतर बरगडी दाखवायला आम्ही दोघी कर्जतला गेलो. मावशींनी फिल्म टेबलावर ठेवली. "मॅडम, तुमच्या माणसानं डावं-उजवं चुकवलंय."

डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर लावली. मावशींच्या गळ्यात टेप तशीच होती, तिच्याकडे बघून त्यांनी विचारलं, "गिऱ्हाईक तुमच्यासमोर उभं राहिलं, की त्याचा डावा हात तुमच्या कुठल्या बाजूला येतो?"

"उजव्या."

"फोटोतही तसंच असतं."

मावशींनी फिल्मवरच्या गाठीवर बोट टेकवलं. मग त्यांनी पदरावरून डाव्या बाजूला हात ठेवला. "म्हंजे मी भलतंच शेकत होते."

त्याच आठवड्यात पनवेलला मॅमोग्राफी झाली. यंत्राच्या दोन सपाट पाट्यांमध्ये स्तन दाबून धरतात, त्यावर बाहेर येऊन त्यांचा शेरा : "असं दाबून मी माप घेतलं असतं, तर एक गिऱ्हाईक टिकलं नसतं." नंतर सोनोग्राफी झाली. सुईने घेतलेल्या तुकड्यात कर्करोग निघाला. आता तो काखेतल्या ग्रंथींपर्यंत पसरला आहे का, एवढंच कळायचं होतं. घरी परतताना त्यांनी माझा हात सोडला नाही.

दिवाळीनंतर मुंबईत शस्त्रक्रिया झाली. गाठ आणि तपासणीसाठी काखेतल्या काही ग्रंथी काढल्या, स्तन राखला. पुढच्या उपचारांसाठी मावशी पनवेलला बहिणीकडे राहतात. खालापूरचं दुकान बंद आहे. काखेतल्या ग्रंथींचा अहवाल शुक्रवारी आला. त्यांत कर्करोग आढळलेला नाही.